बिनआकड्याची पेटी

मोतीराम तायड्याला सही करता येत नव्हती, पण त्याच्यासारखे देखणे आकडे अख्ख्या अकोल्यात कोणाचे नव्हते. स्टेशनामागच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात एकतीस हंगाम तो कापसाच्या गाठींवर आकडे मारत आला होता. गाठ दाबून बाहेर पडली, तिच्यावर लोखंडी पट्ट्या आवळल्या गेल्या, की मोतीराम पुढे व्हायचा. एका हातात पत्र्याचा कोरलेला ठसा, दुसऱ्यात काळ्या शाईत बुडवलेला कुंचा. वर कारखान्याची खूण, खाली गाठीचा क्रमांक. असा क्रमांक प्रत्येक गाठीवर हवाच, हा सरकारी कायदा होता, आणि तो कशासाठी हे मोतीरामला कोणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. गाठीत ओला कापूस निघाला, दगड निघाला, कोण्या हुशारानं कोंबलेली सरकी निघाली, तर मुंबईत बसलेला माणूस आकडा वाचून थेट अकोल्याच्या त्या कारखान्याची मानगूट धरू शकत होता.

मोतीरामचा आणखी एक कायदा होता, तो मात्र सरकारी नव्हता. गाठ त्याच्या डोळ्यांदेखत प्रेसमधून निघाली असेल तरच तो तिच्यावर आकडा मारायचा. तो जेवायला गेला असताना चार गाठी निघाल्या, तर परत आल्यावर चारही बाजूला. मग मुनीम ओरडो की मालगाडी शिटी देवो. त्या गाठी सोडून, पुन्हा दाबून, त्याच्यासमोर बाहेर आल्या पाहिजेत. पहिल्या दोन हंगामांत यापायी त्याला दोनदा काढून टाकलं होतं आणि दोनदा परत बोलावलं होतं. पुढे पुढे मुनीमच त्याच्या जेवणाच्या वेळी प्रेस बंद ठेवू लागला. असल्या माणसाशी डोकं कोण लावणार?

त्याचा थोरला मुलगा धर्मपाल मुंबईला एका सरकारी कचेरीत होता, आणि तो तिथे नेमकं करतो काय हे वस्तीत सांगताना मोतीरामची पंचाईत व्हायची. "अणूच्या भट्टीत जे घालतात ना, थे बनवाचा अन् न्याचा परवाना कोणाले द्याचा, थे लिहून राहिला पोरगा," एवढं तो सांगायचा, आणि ऐकणारे माना डोलावून आपल्या कामाला लागायचे. गंमत अशी की मोतीराम सांगायचा ते अगदी बरोबर होतं.

देशात नव्या तऱ्हेच्या अणुभट्ट्या यायच्या होत्या आणि त्यांना नव्या तऱ्हेचं इंधन लागणार होतं. इंधन अजून बनायचं होतं, ते बनवणारा कारखाना नकाशावर होता, आणि भट्टी तर अजून इंग्रजी पुस्तकातून बाहेरही पडली नव्हती. पण परवान्याचे नियम आधी हवे होते, आणि यात हसण्यासारखं काही नाही. या इंधनाची भुकटी चिमूटभर जरी माणसाच्या छातीत गेली तरी ती तिथून निघत नाही. तेव्हा ते पहिल्यांदा कारखान्याच्या फाटकाबाहेर पडेल त्याच्या आधीच, ते कोणी न्यायचं, कसं न्यायचं, कोणाच्या सहीनं न्यायचं, हे ठरलेलं बरं. कचेरीतल्या बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की कारखान्याला वर्षाचा एक सरसकट परवाना द्यावा, वर्षातून एकदा तपासणी करावी, आणि संपवावं. धर्मपालचं म्हणणं वेगळं होतं. बनवणं, साठवणं, वाहून नेणं, उतरवून घेणं, प्रत्येकाचा परवाना वेगळा हवा. प्रत्येक पेटीला क्रमांक हवा. वाटेतल्या ठरलेल्या स्टेशनांवर प्रत्येक क्रमांक वाचला गेला पाहिजे, आणि तो वाचल्याची सही झाली पाहिजे. दोन वर्षं राबून त्यानं एकेचाळीस कलमांचा मसुदा तयार केला होता. ही अक्कल त्यानं कुठून आणली, हे त्याच्या साहेबांना ठाऊक नव्हतं, आणि तो सांगतही नव्हता. गाठींच्या आकड्यांवरून अणूचे कायदे लिहितो म्हटलं असतं तर त्या कचेरीत लोकांनी महिनाभर हसून घेतलं असतं.

कचेरीत तो एकटाच वऱ्हाडचा आणि एकटाच बौद्ध. शाळेच्या दाखल्यावर त्याचं नाव श्रावण. छप्पन्नच्या ऑक्टोबरात सगळं घर नागपूरला जाऊन आलं, आणि अमरावतीच्या कॉलेजात शिकणारा श्रावण धर्मपाल झाला. नोकरी लागली तेव्हा दाखला एका नावाचा आणि माणूस दुसऱ्या नावाचा हे जुळवण्यात त्याचे तीन महिने गेले. तेव्हापासून त्यानं एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. आपल्या कागदात खोट काढायला कोणाला जागा ठेवायची नाही. इतरांची चूक ही त्यांची चूक असते, आपली चूक सगळ्या समाजाच्या कपाळी मारली जाते, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

मोठे साहेब तसे भले गृहस्थ. त्यांनी धर्मपालला एक संधी दिली. "तायडे, तुमच्या नियमांप्रमाणे एक फेरी करून दाखवा. खरं इंधन नको, वाळू भरा. नागपूरहून चोवीस पेट्या मालगाडीनं मुंबईला आणा, वाटेत तुमचे ते क्रमांक वाचा, सह्या घ्या. वेळेत आणि बिनचूक पोचल्या तर मसुदा दिल्लीला धाडतो. रखडल्या, तर सरसकट परवाना. मग तक्रार करायची नाही."

चौसष्टच्या डिसेंबरात ती फेरी निघाली. सागाच्या चोवीस पेट्या, प्रत्येकीत वाळूनं भरलेला लोखंडी ड्रम, वरून लोखंडी पट्ट्या. नागपूरला धर्मपालनं उभं राहून त्यांवर एक ते चोवीस आकडे रंगवून घेतले, डब्याला सील ठोकलं, आणि स्वतः पुढे अकोल्याला येऊन थांबला. मसुद्यात पहिली तपासणी अकोल्याला होती. अकोलाच का, हे साहेबांनी विचारलं तेव्हा त्यानं यार्ड मोठं आहे असं सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. आपलं काम एकदा बापाच्या नजरेखालून जावं, अशी त्याची फार इच्छा होती.

ती पुरी झाली, नको तितकी पुरी झाली.

सकाळी अकराच्या सुमाराला गाडी यार्डात लागली. पन्नास मिनिटांचा थांबा. कापसाचा हंगाम ऐन भरात, यार्डात एक हमाल मोकळा नाही. मालधक्क्याचे बाबू नत्थुजी, गोल टोपीचे आणि गोड स्वभावाचे गृहस्थ, त्यांनी शेजारच्या प्रेसमधून माणसं मागवली, तर चार हमालांना घेऊन त्यांचा मुकादम म्हणून मोतीरामच आला. मुनीमाला प्रेस तासभर बंद ठेवायला लावून आला होता. अंगात धुवट सदरा, कानामागे खडू, आणि सवयीनं ठशांची पिशवी व शाईचा डबाही बरोबर.

डब्यावरचं सील नागपूरचं नव्हतं. सोबत वाटेतल्या चांदूर रेल्वे स्टेशनच्या मालबाबूची चिठ्ठी होती. चांदूरला डब्याच्या चाकाचा आस तापला, म्हणून काल सकाळी पेट्या दुसऱ्या डब्यात भरल्या, मोजल्या, चोवीस भरल्या, सील केलं. खाली सही. धर्मपालनं चिठ्ठी दोनदा वाचली. ठीक होतं सगळं.

"काढा खाली," तो म्हणाला.

हमाल पेट्या उतरवू लागले आणि मोतीराम मोठ्यानं आकडे पुकारू लागला. पेट्या भरताना उलट्यासुलट्या झाल्या होत्या, त्यामुळे नऊ, तीन, बावीस, असं पुकारत तो गेला आणि धर्मपाल कागदावर खुणा करत गेला. बापाचा तो आवाज ऐकत तो लहानाचा मोठा झाला होता. आज तोच आवाज आपल्या कामाचे आकडे पुकारतो आहे, या विचारानं त्याला भर यार्डात भरून आलं. तेवीस पेट्या झाल्या. चोविसावी खाली आली आणि मोतीराम गप्प झाला.

"पुकार न बा."

"काय पुकारू? आकडाच नाई."

धर्मपाल जवळ गेला. पेटी तशीच, सागाची, तशाच पट्ट्या. एका अंगाला ओल्या कागदाचा चिकटलेला तुकडा, बाकी कोरी. त्यानं कागदावर पाहिलं. सतरा नंबर तेवढा राहिला होता. त्याला हायसं वाटलं. नागपूरला रंग ओला असतानाच पेट्या चढवल्या होत्या, त्यात सतराचा आकडा पुसला गेला असणार. चोवीस निघाल्या, चोवीस आल्या. हिशोब सरळ होता.

"सतरा हाय थे," तो म्हणाला. "रंग पुसला. बा, तुह्याजवळ ठसे हायेत न? एक अन् सात लाव, चढव वर."

मोतीरामनं पिशवीला हातही लावला नाही. "मी नाई मारत."

"काहून?"

"माह्या डोळ्यापुढं भरल्या गेली का हे? मले काय ठाव, कोणाची हाय."

"अरे बा, चोवीस होत्या, चोवीस हायेत! दुसरी कोणाची राहीन?"

"खोटी हाय असं मी म्हणत नाई," मोतीराम शांतपणे म्हणाला. "कोणाची हाय थे सांगता येत नाई, इतकंच म्हणून राहिलो."

नत्थुजींनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. "साहेब, वीस मिनिटं राहिली. गाडी सुटली तर हा डबा परवापर्यंत इथेच पडेल. कापसाचा हंगाम हाय, मंग मले दोष देऊ नका."

परवा! म्हणजे फेरी रखडली, मसुदा गेला, दोन वर्षं गेली. कचेरीतले चेहरे एकेक करून धर्मपालच्या डोळ्यांपुढे आले, आणि त्याचं डोकं फिरलं. त्यानं बापाच्या खांद्यावरची पिशवी ओढली, एक आणि सात हे ठसे बरोबर शोधून काढले, कुंचा शाईत बुडवला. लहानपणी सुट्टीच्या दिवसांत शेकडो वेळा केलेलं काम, हात विसरला नव्हता. तो वळला, तर मोतीराम त्या पेटीवर बसलेला.

"उठ बा."

"नाई उठत."

"बा, हे सरकारी काम हाय. कलम सात सांगतो तुले. माल अडवाचा अधिकार फक्त नेमलेल्या पदवीधर अधिकाऱ्याले हाय. तुले नाई. तुले अधिकार नाई, बा."

चारही हमाल ऐकत होते. त्यातल्या दोघांना धर्मपाल काका म्हणायचा. मोतीरामनं मान वर करून विचारलं,

"थे कलम कोणं लिवलं?"

"मी लिहिलं."

"बरं हाय," मोतीराम म्हणाला. "पदवीधर तू हायेस. मंग तू सांग. मी उठतो. निस्तं एवढं सांग, हे पेटी सतराच हाय, हे तुले पक्कं ठाव हाय. तुह्या तोंडानं सांग, अन् मार आकडा."

धर्मपालनं तोंड उघडलं. हातातल्या कुंच्यावरून शाईचा एक थेंब त्याच्या बुटावर पडला. सतराच असेल. सतराच असणार. शंभरातून नव्याण्णव वेळा सतराच. पण सतराच आहे, हे शब्द काही केल्या त्याच्या तोंडून निघेनात. त्याला स्वतःचा दाखला आठवला, आणि तीन महिने टेबलाटेबलावरून हेच ऐकलेलं आठवलं, की तुम्ही असाल हो तेच, पण कागद कुठाय?

त्यानं कुंचा डब्यात ठेवला.

"नत्थुजी, डबा गाडीपासून काटा," तो म्हणाला. "गाडी जाऊ द्या."

"साहेब, पुन्हा विचार करा. आकडा मारला तर कोणाले कळणार हाय?"

"मले कळंन. काटा डबा."

गाडी सुटली. डबा बाजूच्या रुळावर राहिला. धर्मपालनं तपासणीचा कागद पुढे ओढला आणि 'थांबवले' असं लिहिलं. शेजारच्या रकान्यात थांबवणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि पदवी हवी होती. तिथे त्याची लेखणी अडली. शेवटी त्यानं 'एका मुकादमाने शंका घेतल्यावरून' असं लिहून खाली आपली सही केली. वडिलांचं नाव लिहिलं असतं तर कचेरीत म्हणाले असते, बाप-लेकांनी घरचा कारभार मांडला होता. मोतीराम हमालांना घेऊन केव्हाच प्रेसकडे निघून गेला होता. धर्मपालनं त्याला हाक मारली नाही.

ती पेटी नत्थुजी आणि यार्डातल्या चौघांसमक्ष उघडली. आत ग्रीस माखलेले लोखंडी भाग निघाले, आणि तेलकट कागदात गुंडाळलेली पावती. बार्शीटाकळीच्या एका जिनचे सुटे भाग होते ते, आठ दिवसांपासून तिथला मालक ज्यांच्यासाठी रोज अकोल्याला माणूस पाठवत होता. नत्थुजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"म्हणजे सतरा नंबर कोठी हाय?" ते म्हणाले.

एक पेटी हरवली, डबा थांबवला, अशी धर्मपालनं मुंबईला तार केली. संध्याकाळी उत्तर आलं. मोठे साहेब परवा अमरावतीला कॉलेजच्या समारंभासाठी येणार होते. तारेत लिहिलं होतं, पेटी शोधा, अमरावतीस भेटा, फेरी पूर्ण झाल्याचा अहवाल आणा. घरी आई, पंचफुला, भाकरी थापत होती. बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत हे तिनं पहिल्या घासालाच ओळखलं, दोघांच्याही ताटात तिखट वाढलं, आणि कोणाचीच बाजू घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पॅसेंजरनं धर्मपाल चांदूर रेल्वेला उतरला. तिथला मालबाबू आधी चिडला, मग घाबरला. त्यानं मोजल्या होत्या, देवाशपथ चोवीसच मोजल्या होत्या, डब्यात भरून झाल्यावर. धक्क्यावर आठ दिवस पडून असलेली एक बिनपत्त्याची पेटी हमालांनी त्यांतच चढवली असणार, हे आता कुठे त्याच्या ध्यानात आलं. धर्मपाल मालधक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेला. तिथे निंबाखाली एक बाई बोरांची टोपली घेऊन बसली होती. टोपली एका सागाच्या पेटीवर ठेवलेली, आणि टोपलीशेजारी, त्याच पेटीवर, लुगड्याच्या चौघडीवर तिचं तान्हं पोर झोपलेलं. पेटीच्या अंगावर ठळक काळ्या रंगात सतरा.

"बाई, हे पेटी अठी कधीपासून हाय?"

"परवाच्या सकायपासून," ती म्हणाली. जमुना तिचं नाव. "हमालाईनं डब्यात चढाले पायरी केल्ती इची. काम झालं, गाडी गेली, पायरी राह्यली. मी म्हटलं, पडली हाय त बसू दे." तिनं पोरावरची माशी हाकलली. "माह्या घरचा आज सांच्याले फोडून नेनार हाय. साग हाय न, लेकराले पाळणा होईन. अंदर ड्रम हाय म्हणतात, थ्याच्यात जवारी राहीन."

धर्मपाल तिथेच, धक्क्याच्या कडेला, खाली बसला.  आत वाळू आहे, वाळू आहे, असं तो मनाशी म्हणत राहिला. हो, वाळूच होती. पण पाच-सात वर्षांनी तिथे वाळू नसणार होती. पेटी नुसती जवळ असल्यानं त्या लेकराला काही झालं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. पण फोडली असती तर? आतलं सगळं ओतून टाकलं असतं, ड्रम विहिरीवर नेऊन धुतला असता, आणि त्यात जवारी भरली असती. इकडे मुंबईच्या कागदावर चोवीसच्या चोवीस पेट्या सुखरूप पोचलेल्या असत्या, अकोल्याच्या तपासणीखाली त्याची स्वतःची सही असती, आणि सतरा नंबर त्याच्या स्वतःच्या हातानं, सुबक ठशानं मारलेला असता. त्याला कालचं आपलं बोलणं आठवलं. तुले अधिकार नाई, बा. त्याला इतकी लाज वाटली की त्यानं डोळे मिटून घेतले.

"बरं नाई वाटून राह्यलं का बापू?" जमुनानं विचारलं, आणि मूठभर बोरं त्याच्या पुढे केली.

त्यानं बोरं घेतली. तिचं लेकरू तिनं उचलून घेईपर्यंत थांबला. आणि स्टेशनातलं एक जुनं, रिकामं सागाचं खोकं मालबाबूकडून तिच्या पाळण्यासाठी मिळवून दिल्याशिवाय तिथून हलला नाही.

सतरा नंबर घेऊन तो गाडीनं बडनेऱ्याला आणि तिथून दुसऱ्या दिवशी टांग्यानं अमरावतीला पोचला. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात साहेब चहा घेत होते. पेटी दोघा माणसांनी आणून त्यांच्यासमोर ठेवली. धर्मपालनं अहवाल दिला. साहेबांनी तो एका दमात वाचला, आणि चष्मा काढून ठेवला.

"तायडे, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? चोवीस पेट्या निघाल्या, चोवीस सापडल्या. दोन दिवस उशीर, एवढंच. तुम्ही लिहिताय, फेरी फसली. हे वाचून दिल्लीत कोणी तुमचा मसुदा हातात धरणार नाही. सरसकट परवाना येईल."

"साहेब, सरसकट परवाना असता तर ही पेटी आज चांदूरला पाळणा झाली असती," धर्मपाल म्हणाला. मग त्यानं जमुनाची सगळी हकीकत सांगितली, ड्रममधल्या जवारीसकट. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"फेरी फसली, ती माझ्या मसुद्यामुळे," तो पुढे म्हणाला. "मी माल मोजायला सांगितलं, आणि चांदूरच्या बाबूनं मोजला. तिथे आकडे वाचायचं कलमच नव्हतं, कारण चांदूर माझ्या यादीत नव्हतं. पेटी हलेल तिथे आकडा वाचला गेलाच पाहिजे, मग ते जंगलातलं स्टेशन का असेना. आणि कलम सात मी बदललंय. बिनआकड्याची पेटी पुढे जाणार नाही. तिच्यावर मागाहून आकडा कोणीही मारायचा नाही, अधिकाऱ्यानंसुद्धा नाही. आणि ती अडवण्याचा अधिकार तिला हात लावणाऱ्या प्रत्येकाला."

"प्रत्येकाला? म्हणजे कोणीही हमाल उठेल आणि अणुभट्टीचं इंधन थांबवेल?"

"हो साहेब. एकानं थांबवलं म्हणून मी आज खरं सांगू शकतोय. पदवीधर अधिकारी तर कुंचा घेऊन उभा होता."

"कोण अधिकारी?"

"मी."

 साहेबांनी उठून पेटीवरच्या सतराच्या आकड्यावरून बोट फिरवलं, आणि परत येऊन अहवालाचं पान उलटलं.

"'एका मुकादमाने शंका घेतल्यावरून'," त्यांनी वाचलं. "याला नाव नाही? तुम्ही वाळूची पेटीसुद्धा बिनआकड्याची पुढे जाऊ देत नाही, आणि ज्या माणसामुळे हे सगळं उघडकीला आलं त्याला बिननावाचा दिल्लीला पाठवता?"

धर्मपालनं अहवाल परत घेतला. 'एका मुकादमाने' खोडलं आणि त्याच्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'मोतीराम बुधाजी तायडे, कापसाच्या गाठींवर आकडे मारणारे, अकोला. माझे वडील.' आता ज्याला हसायचं त्यानं हसावं, असं त्याच्या मनात आलं, आणि तसं मनात आल्याबरोबर त्याला फार मोकळं वाटलं.

साहेबांनी ते वाचलं, मग एकदा त्याच्याकडे पाहिलं. "पाठवतो दिल्लीला," ते म्हणाले. "असाच पाठवतो. पास होईल असं मी सांगत नाही. वर्ष लागेल, दोन लागतील, तुम्हाला दहा वेळा उभं करून प्रश्न विचारतील."

"विचारू देत. मी उभा राहीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो अकोल्याच्या प्रेसवर गेला. यंत्राच्या धडधडाटात आणि कापसाच्या धुरळ्यात मोतीराम कुंचा घेऊन उभा होता. पोराला बघूनही तो जागचा हलला नाही, कारण गाठ बाहेर यायची होती. धर्मपाल त्याच्या कानाशी गेला आणि ओरडून ओरडून सगळं सांगितलं. चांदूरची पेटी, तान्हं पोर, जवारी. कलम सात खोडलं, नवीन लिहिलं. तुझं नाव दिल्लीला चाललंय.

"माह्यं चुकलं, बा," तो शेवटी म्हणाला. "तुले अधिकार नाई म्हटलं मी. सगळ्याईपुढं म्हटलं. आता तुले अधिकार हाय. कागदावर लिहून देल्ला."

मोतीरामनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे पाणावले होते, पण धुरळाही बराच होता.

"देल्ला त बरं केलं," तो म्हणाला. "माह्यासारखा दुसरा कोणी असंन तठी, त्याच्या कामात येईन. पण मी पेटीवर बसलो तवा तुले इचारून बसलो होतो का रे?"

धर्मपालला हसू फुटलं आणि रडूही, आणि दोन्ही त्यानं आवरलं नाही. तेवढ्यात प्रेस उघडली. गाठ बाहेर आली, पट्ट्या आवळल्या गेल्या. मोतीरामनं तिच्याभोवती एक चक्कर मारली, ठसा लावला, कुंचा फिरवला, आणि पोराला हातानं बाजूला सरकवून पुढच्या गाठीसाठी उभा राहिला.